मार्गदर्शक शिक्षकाचा पुरस्कार: सांगली जिल्ह्यातल्या एका संस्थेचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यात हायस्कुलं चालवणारी एक शिक्षण संस्था. बहुतेक शाळा कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात, एखाद-दुसरी शहराला लागून आणि एक पार जतकडे, दुष्काळी भागात. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत किंवा बदलले आहेत. संस्थेच्या पुरस्कार समितीत मी होतो, त्यामुळे बाहेरच्या माणसाची तटस्थता या लेखात शोधू नये.

या शाळांमध्ये विज्ञान प्रकल्प प्रामुख्याने तीन निमित्तांनी होतात: शासनाचं तालुका-जिल्हा-राज्य असं चढत जाणारं विज्ञान प्रदर्शन, मुलांच्या नव्या कल्पनांसाठीची केंद्र सरकारची इन्स्पायर-मानक योजना आणि १९९३ पासून चालत आलेली राष्ट्रीय बालविज्ञान परिषद. या तिन्हींमध्ये शिक्षक कुठे दिसतो? इन्स्पायर-मानकमध्ये निवड झालेल्या मुलाच्या खात्यात १०,००० रुपये जमा होतात. ते मुलाचे, आणि तसंच असायला हवं. प्रदर्शनात शिक्षकांचा वेगळा गट असतो, पण तो त्यांनी स्वतः बनवलेल्या शैक्षणिक साहित्याचा. बालविज्ञान परिषदेच्या अहवालावर मार्गदर्शक म्हणून नाव येतं, तेवढंच. मुलांना सहा-सहा महिने एका प्रश्नामागे लावून धरणाऱ्या माणसाची दखल घ्यायची रीतसर सोय कुठेच नाही. आदर्श शिक्षक पुरस्कार आहेत, पण त्यांच्या फायलीत पटनोंदणी, निकाल, वृक्षारोपण, लोकवर्गणी असं सगळंच असतं. प्रकल्प त्यात एका ओळीपुरता.

संस्थेच्या एका माजी विद्यार्थ्याने यासाठी देणगी दिली आणि ‘विज्ञान मार्गदर्शक शिक्षक पुरस्कार’ सुरू झाला. अकरा हजारांचा धनादेश, शाल, श्रीफळ, मानपत्र.

अडचण

पहिल्या वर्षी निकष सोपे ठेवले. प्रदर्शनात कोणत्या पातळीवर कितवा क्रमांक आला, त्यावर गुण. राज्याला सर्वांत जास्त, जिल्ह्याला त्याखाली, तालुक्याला त्याहून कमी. कुणावर अन्याय झाला असं कुणी म्हणू नये म्हणून आकडेच बोलू द्यावेत, असा विचार होता.

पुरस्कार शहराजवळच्या शाळेतल्या सरांना मिळाला. त्यांच्या मुलांनी केलेलं स्वयंचलित ठिबक जिल्ह्याला पहिलं आलं होतं. आर्डुइनोचा, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाचा किट, मातीत खोवलेला ओलाव्याचा सेन्सर, माती कोरडी झाली की छोटा पंप सुरू. सरांनी मेहनत घेतली होती, यात शंका नाही. पण त्याच वर्षी वाळवा तालुक्यातल्या एका शाळेतल्या बाईंचा प्रकल्प तालुक्यालाच अडला आणि आमच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे शून्य आलं. तो प्रकल्प काय होता हे जरा सविस्तर सांगतो, कारण पुढची सगळी चर्चा त्याभोवतीच फिरली.

नववीतल्या एका मुलीने वर्गात विचारलं होतं, “बाई, आजोबांनी दोनदा जिप्सम टाकलं तरी आमचं रान सुधारत का नाही?” त्या गावात हा प्रश्न घरोघरी आहे. काळी चिकण जमीन, वर्षानुवर्षं ऊस, पाटाचं आणि उपशाचं मुबलक पाणी आणि निचऱ्याच्या नावाने शंख. जमिनीखालचं पाणी वर येतं, उन्हाने वाफ होते, क्षार मागे राहतात. उन्हाळ्यात रानावर पांढरा थर दिसतो, लोक म्हणतात मीठ फुटलं. आता जिप्सम कामाला येतं ते चोपण जमिनीत, म्हणजे जिथे मातीच्या कणांना सोडियम धरून बसलेला असतो. जिप्सममधलं कॅल्शियम त्याची जागा घेतं, पण सुटलेला सोडियम पाण्याबरोबर वाहून जायला वाट लागते. नुसत्या खारवट जमिनीत जिप्समचा काहीच उपयोग नाही, तिथे क्षार पाण्याने धुऊनच काढावे लागतात. म्हणजे दोन्हीकडे निचरा हवाच.

बाईंना हे ठाऊक होतं. त्यांनी सांगितलं नाही. “आधी पाणी किती खाली आहे ते बघूया,” एवढंच म्हणाल्या.

मुलींनी पीव्हीसी पाईपला तापल्या खिळ्याने भोकं पाडली, तळाला जुन्या साडीचं कापड बांधलं आणि गिरमिटाने दीड-दीड मीटर खोल भोकं घेऊन तीन रानांत पाईप उभे केले. शनिवारची सकाळची शाळा सुटली की जायचं, लोखंडी नट बांधलेला दोरा पाईपमध्ये सोडायचा, ओला झालेला भाग पट्टीने मोजायचा. माती आणि पाणी १:२.५ प्रमाणात कालवून, गाळ बसल्यावर पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या टीडीएस पेनने मोजायचं. डिस्टिल्ड वॉटर गावातल्या बॅटरीच्या दुकानातून.

वहीत मध्येच एक पान आहे. त्या शनिवारी तिन्ही रानांतले क्षाराचे आकडे एकदम दुपटीच्या घरात गेले. मुली हरखल्या, कारणही शोधून काढलं: शेजारच्याने उसाला पाणी दिलं होतं. बाईंच्या लक्षात आलं होतं की पेनवरचं एककाचं बटण दाबलं गेलंय. अशा पेनवर पीपीएम आणि मायक्रोसायमन अशी दोन एककं असतात आणि साधारणपणे दुसऱ्याचा आकडा पहिल्याच्या दुप्पट येतो. तरी त्यांनी चूक दाखवली नाही. मिठाचं पाणी बाटलीत भरून दिलं आणि म्हणाल्या, “हेच पाणी रोज मोजा, आठवडाभर.” मिठाच्या पाण्याच्या शेजाऱ्याने काही उसाला पाणी दिलेलं नव्हतं, पण आकडा मात्र एका दिवशी अर्ध्यावर आला, आणि एका मुलीने पेन उलटसुलट करून बटण शोधलं. पानावर जुने आकडे एका रेघेने खोडलेले आहेत आणि शेजारी पेन्सिलीने लिहिलंय: ‘बटण दाबलं गेलं. हा आकडा मायक्रोसायमनचा.’ खोडरबर आणि व्हाइटनर वापरायचं नाही, हा बाईंचा नियम होता.

तालुक्याच्या परीक्षकांच्या शेऱ्यात होतं: वहीत खाडाखोड आहे, मांडणी आकर्षक नाही.

बाईंनी तक्रार केली नाही. पुढच्या जूनमध्ये त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितलं, “सर, यंदा प्रकल्पाला दुसऱ्या कुणाला घ्या. मला दहावीचे जादा तास आहेत.” मुख्याध्यापकांनी समितीच्या अध्यक्षांना फोन केला. दुसरीकडून कळलं ते जास्त चिंतेचं होतं. शिक्षकखोल्यांमध्ये आमच्या तक्त्याचा अर्थ लोकांनी बरोबर लावला होता, आणि शहरात तयार मॉडेल कुठे मिळतात याची चौकशी सुरू झाली होती.

समोरचे पर्याय

पुरस्कार बंदच करावा, असं एका ज्येष्ठ सदस्यांचं मत होतं. एकाला दिला की दहा जण दुखावतात, त्यापेक्षा पैसे प्रयोगशाळांना वाटून टाका. मला ते पटलं नव्हतं, पण त्यातला अर्धा भाग पुढे कामाला आला.

तक्ता ठेवून त्यात ‘स्थानिक प्रश्न’, ‘विद्यार्थी सहभाग’ असे रकाने वाढवावेत, हा दुसरा विचार. दिसायला समजूतदार. पण रकाना भरणार कोण? शिक्षक स्वतःच. मग ती आणखी एक फाईल झाली असती आणि ज्याला फाईल चांगली करता येते तो पुढे गेला असता. मुलांचं मतदान घ्यावं अशीही सूचना आली. ती लगेच मागे पडली, कारण तिथे लाडके सर जिंकतात.

राहिला पर्याय प्रत्यक्ष शाळेत जाऊन वह्या बघण्याचा आणि मुलांशी बोलण्याचा. यावरचा सर्वांत बोचरा आक्षेप जतच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा: “वह्या बघणार म्हणता, मग पुढच्या वर्षी वह्या सुंदर येतील. मागच्या तारखा घालून लिहायला किती वेळ लागतो?” बैठकीत काही वेळ कुणाकडेच उत्तर नव्हतं. मग ज्येष्ठ बाईंपैकी एकींनी सुचवलं की काम अर्धवट असताना जायचं, शेवटच्या लिहिलेल्या ओळीखाली सही-तारीख करून यायचं, आणि फेब्रुवारीत पुन्हा जायचं. माझ्या मते साऱ्या प्रकरणात सर्वांत कामाची सूचना हीच, आणि तिला एक पैसा लागत नाही.

काय द्यायचं यावरही खल झाला. आम्ही शिक्षकांनाच विचारलं. बऱ्याच जणांनी पैसे मागितले नाहीत. मतदार याद्यांचं काम, ऑनलाइन माहिती, जादा तास यांतून आठवड्याला दोन तास मोकळे मिळाले तर बरं, असं म्हणाले. एका सरांनी लिहिलं होतं, “शाली चार आहेत. काचेच्या मोजपात्रांचा संच एकही धड नाही.”

कार्यक्रम कधी घ्यायचा यावर मात्र गरजेपेक्षा जास्त वेळ गेला. ५ सप्टेंबरला सगळीकडेच सत्कार. २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन, अगदी योग्य, कारण १९२८ साली याच दिवशी रामन यांनी आपला शोध जाहीर केला. पण त्या दिवसांत बोर्डाच्या परीक्षा आणि शाळा म्हणजे परीक्षा केंद्रं. ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती, काहींना हवी होती. तेव्हा स्नेहसंमेलनं आणि सहली. शेवटी जूनमध्ये शाळा उघडल्यावरच्या शिक्षक सहविचार सभेत द्यायचं ठरलं. हार-तुरे कमी आणि श्रोते सगळे शिक्षक, हा फायदाच.

काय केलं

गुणांचा तक्ता रद्द केला. प्रदर्शनातला क्रमांक विचारातच घ्यायचा नाही, असं लेखी ठरवलं. यावर शहराजवळच्या शाळेकडून नाराजी आली आणि ती रास्त होती. गेल्या वर्षी ज्या नियमाने आम्ही दिलं, तोच नियम आता चुकीचा म्हणतोय, मग आमच्या सरांना मिळालेला पुरस्कार काय समजायचा? अध्यक्षांनी सरांना घरी जाऊन भेटून सांगितलं की तो पुरस्कार त्यांचाच आहे, बदल पुढच्यासाठी आहे.

भेटीसाठी दोघा-दोघांच्या जोड्या केल्या, प्रत्येक जोडीत एक तरी दुसऱ्या शाळेतला विज्ञान शिक्षक. आपल्या शाळेत कुणी जायचं नाही. वही बघायची, मग शिक्षक खोलीत नसताना मुलांशी वीस मिनिटं बोलायचं. प्रश्न आधीच ठरवले:

- हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला?
- तुमचं कोणतं मोजमाप फसलं? मग काय केलं?
- सरांनी किंवा बाईंनी तुम्हाला काय सांगायचं टाळलं असं वाटतं?
- हे पुन्हा करायचं झालं तर आधी काय बदलाल?

तिसऱ्या प्रश्नावर समितीत मतभेद होते. मुलांना शिक्षकाविरुद्ध बोलायला लावल्यासारखं वाटेल, असं काहींना वाटलं. प्रत्यक्षात मुलं याच प्रश्नावर सर्वांत खुलून बोलली.

नोंदवही कशी वाचायची हे भेटीला जाणाऱ्यांना समजावं म्हणून एक नमुना हवा होता. वाळव्याच्या मुख्याध्यापकांनी क्षारपड प्रकल्पाची वही पाठवायची तयारी दाखवली. बाई म्हणाल्या, “वही मुलींची आहे, त्यांना विचारा.” मुली तेव्हा दहावीत होत्या. त्यांनी होकार दिला, एका अटीवर: परीक्षकांच्या शेऱ्याचा कागदही वहीबरोबर जायचा. तो गेला. पूर्वतयारीच्या बैठकीत ते खोडलेलं पान सगळ्यांनी हातात घेऊन बघितलं. शहराजवळच्या शाळेतले ठिबकवाले सर, म्हणजे आदल्या वर्षीचे विजेते, तिथे होते. त्यांनी चहाच्या वेळी बाईंचा नंबर मागून घेतला.

पुरस्काराचं स्वरूपही बदललं. धनादेशाची रक्कम शाळेच्या प्रयोगशाळेला, काय घ्यायचं ते शिक्षकाने ठरवायचं. शिक्षकाला वर्षभर आठवड्याला दोन तासिका मोकळ्या. मानपत्र राहिलं, आणि त्यात प्रकल्पात नेमकं काय घडलं ते लिहायचं, ‘ज्ञानदानाचं पवित्र कार्य’ वगैरे नाही. मानपत्र लिहिणाऱ्यांना हा शेवटचा नियम सर्वांत जड गेला!

काय झालं

प्रस्ताव आदल्या वर्षीपेक्षा कमी आले. काही शाळांनी उघड सांगितलं की दोनदा भेटी, वह्या, एवढं आम्हाला नको.

नोव्हेंबरच्या पहिल्या भेटीत केलेल्या सह्यांचा उपयोग झाला. एका शाळेत फेब्रुवारीत दाखवलेली वही एकाच शाईत, एकाच वळणात, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्वच्छ होती. आमची सही तिच्यात नव्हती. विचारल्यावर मुलगा निरागसपणे म्हणाला, “ती कच्ची वही होती, सर. ही पक्की.” कच्ची वही घरी होती. ती मागवून बघितली तर काम खरंच केलेलं होतं, आणि चांगलं होतं. शिक्षकाला वाटलं, समितीपुढे पक्कीच ठेवायला हवी. वर्षानुवर्षांची सवय एका परिपत्रकाने जात नाही.

पुरस्कार जतच्या सरांना गेला. त्यांच्या मुलांचा प्रश्न होता, शेततळ्यातलं किती पाणी उन्हाने उडतं. स्टीलची परात, आत चिकटवलेली पट्टी, रोज सकाळी एकाच वेळी नोंद. कोणतं मोजमाप फसलं, असं विचारल्यावर तिघं एकदम बोलायला लागले. काही दिवस पाणी भलतंच कमी व्हायचं. ऊन जास्त असेल म्हणून त्यांनी तापमानाशी ताळा घालून बघितला, जमेना. मग एकाने सुट्टीच्या दिवशी लांबून पहारा दिला: कावळे येऊन पाणी पीत होते. परातीवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आली. मग आणखी एक शंका निघाली, की जाळीच्या सावलीने बाष्पीभवन कमी होत असेल तर? त्यांनी दोन पराती ठेवल्या, एक जाळीची आणि एक उघडी, आणि उघडीपाशी पाळीपाळीने बसले. सरांनी काय सांगायचं टाळलं, यावर उत्तर आलं, “कावळे. सरांना माहीत होतं, आम्हाला नंतर कळलं.”

मोकळ्या तासिकांचं मात्र अर्धवटच झालं. जतला त्या दोन तासिका गणिताच्या बाईंकडे गेल्या. त्यांनी पहिल्या सत्रात घेतल्या, दुसऱ्या सत्रात त्यांच्याच वर्गांचा अभ्यासक्रम मागे पडला आणि तासिका परत सरांकडे आल्या. सहकाऱ्याच्या पाठीवर दिलेला पुरस्कार होता तो. त्या बाईंची नाराजी मला चुकीची वाटत नाही.

वाळव्याच्या बाईंनी त्या वर्षी प्रस्ताव दिला नव्हता, त्यामुळे पुरस्काराचा प्रश्न नव्हता. पण ठिबकवाल्या सरांनी त्यांच्याकडून पोतंभर खारवट माती मागवली. त्यांच्या गटातल्या एका मुलीला शंका आली होती की आपला सेन्सर दोन टोकांमधून वीज किती जाते तेवढंच बघतो. मग मातीत क्षार असतील तर तो फसेल का? आदल्या वर्षी प्रोग्रॅममधला कोरडेपणाचा आकडा हिनेच बदलून बघितला होता, हे भेटीत कळलं. पहिल्या तक्त्यात ते कुठेच दिसलं नव्हतं. गावची माती आणि खारवट माती वाळवून, सारखं वजन, सारखं पाणी घालून बघितलं. खारवट मातीत सेन्सर ‘ओली’ दाखवत राहिला आणि पंप सुरूच होईना. बाईंनी फोनवर विचारलं, “माती वेगळी म्हणून आकडा वेगळा नसेल कशावरून?” म्हणून मग मुलीने गावच्याच मातीचे दोन भाग केले आणि एकात मिठाचं पाणी घातलं. फरक कायम राहिला. क्षारपड भागातल्या शेतकऱ्याला असा सेन्सर विकला तर पीक वाळून जाईल, हे तिच्या वहीत तिच्या अक्षरात आहे. या प्रयोगाला प्रदर्शनात काय मिळालं हे मी मुद्दाम लिहीत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

तासिका मोकळ्या करायच्या तर त्या घेणाऱ्याची व्यवस्था पुरस्काराच्या रकमेतूनच व्हायला हवी होती. तासिका तत्त्वावर कुणाला तरी घेऊन दोन तासांचं मानधन देणं देणगीत बसलं असतं, पण मग प्रयोगशाळेला कमी उरलं असतं. समितीने दोन्ही एकदम देण्याचा मोह टाळायला हवा होता.

नोव्हेंबरची भेट दिवाळीच्या सुट्टीला चिकटून आली. दोन शाळांत मुलं पुरती परतलीही नव्हती. ऑगस्टची अखेर बरी पडली असती, तेव्हा प्रश्न नुकताच ठरलेला असतो आणि पहिली फसगत व्हायची असते.

शाळेबाहेर मुलांना नेण्याची जबाबदारी आम्ही मुख्याध्यापकांवर सोडून मोकळे झालो. वाळव्यात रानात जाताना विहिरी, पाट, सापकिरडू सगळंच होतं. बाईंनी पालकांची संमतीपत्रं आणि शेतकऱ्यांची परवानगी स्वतः घेतली, दर शनिवारी स्वतः बरोबर गेल्या. हे काम पुरस्काराच्या निकषांत कुठे मोजलं जात नाही, आणि ते झालं नसतं तर प्रकल्प पहिल्याच आठवड्यात बंद पडला असता.

आणि प्रयोगशाळा परिचर. शासनाच्या प्रदर्शनात त्यांच्यासाठी निदान वेगळा गट असतो. आमच्या अर्जात त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. जतच्या शाळेत सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळा उघडून देणारे, जाळी कापून परातीला बसवून देणारे परिचरच होते. मुलांनी त्यांचं नाव तीनदा घेतलं, आमच्या जोडीने ते टिपूनही आणलं, पण मानपत्रात घ्यायला जागा ठरलेली नव्हती म्हणून राहिलं. यंदाच्या अर्जात ‘प्रकल्पात आणखी कुणाचा हात होता’ हा प्रश्न मुलांनी भरायचा आहे. पुरस्काराचं श्रेय शिक्षक आणि परिचर यांच्यात कसं विभागायचं, यावर समितीत अजून एकमत नाही.